बाकीचं सिस्टर सांगतील

आसावरीला स्वतःचं वाक्य मासळीबाजारात ऐकू आलं. रविवारची सकाळ होती. डोंबिवली पश्चिमेच्या त्या बाजारात वितळलेल्या बर्फाचं पाणी चपलांखालून वाहत होतं, आणि पाटीवरच्या मांदेलीकडे बघत, आज ती तळावी की तिचं कालवण करावं, एवढाच प्रश्न डोक्यात घेऊन ती उभी होती. पलीकडच्या ओट्यावरून, दोन गिऱ्हाइकांच्या खांद्यांआडून, एक जाडसर आवाज आला. "पायाला बोट दाबायचा. मनान पाच मोजायचं, न् मंग सोडायचा. खलगा तसाच रायला, म्हंजे आंगान पानी भरलं समजायचा." आसावरीनं वळून पाहिलं नाही. उलट तिची मान ताठ झाली. आपला आवाज ध्वनिफितीवर प्रथमच ऐकताना होतं तसं काहीतरी तिला झालं. ओळख पटली, आणि ती पटताच लाज वाटली. बोली तिची नव्हती, शब्दांची वळणं तिची नव्हती. पण तो दम, 'मनात पाच मोजा' म्हणताना मध्येच घेतलेला तो छोटासा विसावा, तो तिचाच होता. ठाण्याच्या हॉस्पिटलात, हृदयाच्या वॉर्डात, ती हे वाक्य रोज कुणाच्या ना कुणाच्या उशाशी बसून म्हणायची.

बोलणारी बाई कोण हेही तिला न बघताच कळलं. आवडाबाई. खाडीकाठच्या गावातली, पावसाळ्यानंतर दम लागून दाखल झालेली, हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे पाय खांबासारखे सुजलेली. कॉटवर बसूनसुद्धा ओट्यावर बसल्यासारखी ऐसपैस बसायची आणि औषध द्यायला आलेल्या पोरीला 'बाय, जेवलीस का?' विचारायची. डॉक्टर राउंडला यायचे, फाइल बघायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि पुढच्या कॉटकडे वळताना म्हणायचे, "बाकीचं सिस्टर सांगतील." त्या 'बाकीच्या'त सगळं असायचं. मीठ किती, पाणी किती, वजन कधी करायचं, कोणती गोळी लघवी करवून अंगातलं पाणी काढते आणि कोणती रक्तदाबाची, कशानं घाबरायचं, कशानं नाही. वर्षानुवर्षं आसावरी ते बाकीचं सांगत आली होती. तिला ते आवडायचं. इंजेक्शनं, सलाइनं, ड्यूटीचे तक्ते ही नोकरी होती. पण माणसाच्या चेहऱ्यावर 'अच्छा, असं आहे होय' उमटताना बघणं हे तिचं स्वतःचं होतं. आवडाबाईच्या चेहऱ्यावर ते फार ठळक उमटलं होतं. "समजलं ना?" असं विचारल्यावर तिनं दोन्ही हातांनी आसावरीच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली होती.

म्हणजे ते इथवर आलं, आसावरीच्या मनात आलं. ठाण्याच्या त्या फिनेलच्या वासातून निघून, बसमधून, रिक्षामधून, माशांच्या पाट्यांपर्यंत पोचलं आणि आता तिसऱ्याच कुणाला तरी सांगितलं जातंय. तिला इतका आनंद झाला की तो कुणाच्या नजरेला पडू नये असं वाटलं. आवडाबाईनं ओळखलं असतं तर सगळ्या बाजारासमोर कौतुक सुरू केलं असतं, पापलेट पिशवीत कोंबलं असतं. आसावरी मांदेली न घेताच गर्दीतून बाहेर पडली आणि पूर्वेला जाणाऱ्या रिक्षात बसली. घरी नवऱ्याला, सलिलला, सांगायचं वाक्य ती जुळवू लागली. काय सांगायचं पण? की माझं बोलणं बाजारात विकायला आलंय? तो हसला असता. तो चांगला हसतो, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माणसाच्या मानानं फारच मोकळं. रिक्षा सिग्नलला थांबली. पुढच्या टेम्पोत मंडपाचे बांबू आणि पिवळ्या कापडाचे गठ्ठे होते. कुठंतरी हळद होती. त्या पिवळ्या कापडाकडे बघत असताना आवडाबाईचं पुढचं बोलणं तिच्या कानात उमटलं. कानांनी ते तेव्हाच घेतलं होतं, मनानं बाजूला ठेवलं होतं. "भाविकाला माझ्यातल्याच गोल्या दिल्यान. काल एक, आज एक. पोटुशी पोर, पाय बघ कशे सुजलान तिचं."

पोटुशी. आसावरी सीटवर पुढं सरकून बसली. तिनं स्वतःला समजावलं की दिवसांत पाय सुजतातच, निम्म्याहून जास्त बायकांचे सुजतात, एखाद्या गोळीनं काही होत नाही. वॉर्डात नातेवाइकांना समजावतो त्याच सुरात ती स्वतःला समजावत होती, आणि तो सूर तिला प्रथमच बाहेरून ऐकू आला. मऊ, गोल, कुठंच न टोचणारा. पेशंटला घाबरवायचं नाही, हे पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. 'मी काय सांगितलं होतं नेमकं?' तिनं आठवून पाहिलं. पाय सुजले की अंगात पाणी साठतंय. पाणी साठलं तर ही गोळी. वजन एकदम वाढलं तर डॉक्टरांना फोन करून गोळी वाढवायची. सगळं बरोबर होतं. एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त 'तुमचे पाय', 'तुमच्या हृदयामुळे' हे ती म्हणाली होती की नाही, ते तिला काही केल्या आठवेना. समोर बसलेल्या माणसाला ते सांगायची गरजच काय, असं तेव्हा वाटलं असणार. कुणी शिकवलेलं तेवढ्यावरच ठेवून गप्प बसेल, अशी आवडाबाई नव्हती, हे तिला तेव्हाही दिसत होतं.

"भाऊ, रिक्षा फिरवा," ती म्हणाली.

परतीच्या रस्त्यावर तिला कल्याणची जुनी खोली आठवली, आणि तिच्या वडिलांचा गळा. ती शाळेत होती. वडिलांच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली होती, ती कापून तपासायला दिली होती, आणि एका दुपारी मोठ्या काकांनी रिपोर्ट आणला. काका शिकलेले होते, बँकेत होते. रिपोर्ट त्यांनी उभ्यानेच वाचला आणि फक्त एवढंच म्हणाले, "निगेटिव्ह आलाय." आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढं इंग्रजी घरात सगळ्यांना येत होतं. ती दुपार आसावरीच्या अंगात अजून होती. ताटात वाळून कडक झालेला भात, वडील खिडकीशी बसून रस्त्याकडे बघतायत, आणि मधूनच त्यांचं, आपल्या मुलीच्या नव्हे तर दुसऱ्याच कुणाच्या तरी केसांवरून फिरवावा तसा, तिच्या केसांवरून हात फिरवणं. संध्याकाळी टाके दाखवायला गेल्यावर तिथल्या एका नर्सनं आईचे सुजलेले डोळे बघून कारण विचारलं. कारण ऐकून ती आधी हसली, मग आईला खुर्चीत बसवून म्हणाली, "बाई, निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही. कॅन्सर नाही. घरी जा, गोड करा." आई तिथंच, पट्ट्यांच्या वासात, हमसून रडली. वडील पुढं वीसेक वर्षं जगले. पण त्या दुपारी ते मेलेच होते. एका शब्दानं मारलं होतं आणि एका वाक्यानं परत आणलं होतं. नर्स का झालीस असं कुणी विचारलं तर आसावरी सेवाबिवा असं काही सांगायची नाही. ती म्हणायची, नोकरी पक्की असते म्हणून. ही दुपार तिनं सलिललाही नीट कधी सांगितली नव्हती.

आवडाबाई पाटीवर पाणी शिंपडत होती. आसावरीला बघताच तिचा चेहरा फुलला. "अगो माझी सिस्टरबाय! तुमी इथं? बस, बस! बघा मी कशी दिसतंय. दम लागत नाय, काय नाय."

"छान दिसताय," आसावरी म्हणाली. "आवडाबाई, भाविका कोण?"

"माझ्या दिराची सून. दिपेशची बायको. आठवा सरत आला तिला."

"तिचं डोकं दुखतं?"

आवडाबाईनं हात थांबवला. "दुखतं ना. दोन दिस धरलाय डोका. उन्हाचा असंल."

"तिच्याकडे जायचंय. आत्ता."

आवडाबाईनं का म्हणून विचारलं नाही. शेजारणीला पाटी सांभाळायला सांगून ती उठली. रिक्षात तिच्या अंगाचा मासळीचा आणि मोगऱ्याच्या तेलाचा वास होता, आणि आसावरीला वाटत होतं की आपण उगाच चाललोय, घरातले आदबीनं चहा देतील, पोरगी ठणठणीत असेल, आणि सुट्टीच्या दिवशी हृदयाच्या वॉर्डातली कुणी सिस्टर बाळंतपणात नाक खुपसायला आली म्हणून मागून बोलतील. तसंच व्हावं, असंही तिला वाटत होतं. खाडीच्या बाजूला नव्या टॉवरांच्या सावलीत ते घर होतं, दारात होडीचं एक जुनं इंजिन ताडपत्रीखाली झाकलेलं. भाविका पंख्याखाली सतरंजीवर आडवी होती. कल्याणच्या कॉलेजातून बी.कॉम. केलेली, आंबिवलीकडची मुलगी. आसावरीला बघून ती ओढणी सावरत उठायला लागली तशी आसावरीनं तिला खांद्याला धरून थांबवलं. नुसते पाय नव्हते सुजलेले. चेहरा सुजला होता, बोटं सुजली होती. अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत ओवली होती.

"डोळ्यांपुढे काही दिसतं का गं? ठिपके, चमकल्यासारखं?"

"दिसतं ना मॅडम, काजव्यांसारखं. मला वाटलं मोबाइलमुळे नंबर वाढला. आणि इथं, बरगडीखाली दुखतंय. पित्त असेल."

"तपासायला कधी गेली होतीस?"

"मागच्या वेळची तारीख चुकली. घरात हळद होती ना नणंदेची."

आसावरीजवळ काहीच नव्हतं. पर्समध्ये एक छत्री आणि भाजीची रिकामी पिशवी. तेवढ्यात आवडाबाई शेजारच्या तिच्या घरातून एक खोकं घेऊन आली. रक्तदाबाचं यंत्र, डिस्चार्जच्या वेळी आसावरीनंच घ्यायला लावलेलं. "बाय, हात सरल ठेव, बोलू नुको," असं म्हणत तिनं पट्टा स्वतःच दंडाला बांधला, बरोबर कोपराच्या वर, बरोबर जितका घट्ट हवा तितका. आसावरी बघत राहिली. यंत्र घुरघुरलं, फुगलं, आणि आकडे चढत गेले. वरचा एकशे सत्तरच्या पुढे थांबला. तिनं थोडं थांबून दुसऱ्या हातावर घेतलं. तेच.

दिपेश दारात उभा होता. एमआयडीसीत नोकरी करणारा, रविवारचा बर्म्युडा घातलेला, बायकोच्या खोलीत अनोळखी बाई आल्यानं जरासा ओशाळलेला तरुण. आसावरी त्याच्याशी बोलायला लागली आणि तोंडातून पहिला शब्द आला तो प्रीएक्लॅम्प्सिया. दिपेशनं मान हलवली. "हो हो," तो म्हणाला. "उद्या नेतो ना मॅडम सकाळीच. आज संडे, ओपीडी बंद असणार. मेन डॉक्टर पण नसतात." ती मान हलवणं आसावरीनं हजार वेळा पाहिलं होतं. कॉटच्या पलीकडून, दाराच्या चौकटीतून, लिफ्टच्या रांगेतून. त्या मानेला 'समजलं' समजून ती पुढच्या पेशंटकडे वळत आली होती, डॉक्टर वळायचे तशीच. भीती लपवून मऊ बोलायची तिला इतकी सवय होती की खरं बोलायला जीभ सैल करावी लागली.

"दिपेश, इकडे बघा. तिचं ब्लड प्रेशर बाळंतपणामुळे फार वाढलंय. ही सूज साधी नाही. तिला कधीही झटका येऊ शकतो, फिट येते तसा. त्यात ती जाऊ शकते, बाळही जाऊ शकतं. उद्या नाही, आत्ता न्यायचं. वेळेवर नेलं तर दोघंही वाचतात. इमर्जन्सी रविवारीही चालू असते."

भाविकानं ओढणीचं टोक मुठीत धरलं. आता मात्र आसावरीनं 'समजलं ना' असं विचारलं नाही. "तुमच्या आईंना फोन करून काय सांगाल?" ती म्हणाली. "मला सांगा बघू आधी."

"सांगीन की..." दिपेशनं ओठ ओले केले. "की भाविकाचं बीपी वाढलंय. साधी सूज नाही आहे. झटका येऊ शकतो. आणि... ती पण, बाळ पण..." तिथं त्याचा आवाज फुटला. इतका वेळ बाहेर उभं असलेलं काहीतरी, स्वतःच्याच तोंडून उच्चारलं गेल्यावर, त्याच्या आत शिरलं होतं. पुढच्या क्षणी तो बर्म्युड्यावरच बाहेर धावला आणि गल्लीतून कुणाची तरी गाडी मागताना त्याची हाक ऐकू आली.

कल्याणच्या हॉस्पिटलात भाविकाला थेट आत घेतलं. आसावरीनं तिथल्या डॉक्टरांना दोन गोळ्यांचं सांगितलं, रक्तदाबाचे आकडे सांगितले, आणि मग तिला करण्यासारखं काही उरलं नाही. ती बाकावर बसली. दुसऱ्याच्या हॉस्पिटलात नुसतं बसून राहणं तिला जमत नव्हतं. सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरलं तरी तिचे पाय उठू पाहायचे. तिनं सलिलला फोन केला, जेवून घे म्हणाली. शेजारी आवडाबाई बसली होती, पण आज ऐसपैस नव्हती. गुडघे जवळ घेऊन, पदरात हात लपवून.

"सिस्टरबाय," ती म्हणाली. "माझ्या गोलीनं झाला का?"

नाही हो, असं काही मनाला लावून घेऊ नका, हे वाक्य आसावरीच्या ओठांवर तयार होतं. तिनं ते गिळलं. "गोळीनं झालं नाही. आजार आधीपासून होता. पण गोळी घेऊन बरं वाटेल म्हणून तुम्ही थांबला असता, तर उशीर झाला असता."

"तुमीच सांगलेला. सुजला म्हंजे पानी."

"सांगितलं होतं. ते तुमच्या पायांचं. तुमचं हृदय पाणी ढकलायला कमी पडतं म्हणून तुमचे पाय सुजतात. सूज दुसऱ्या कशानंही येते. मूत्रपिंडानं येते, दिवसांत येते, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. ते मी सांगायला हवं होतं. अर्धंच सांगितलं मी."

आवडाबाई म्हणाली, "म्हंजे सूज बघायची, पन गोली द्याची नाय. कुनाची सूज कशाची, ते डॉक्टर सांगनार."

"हेच."

"आनि पोटुशीचा डोका दुखला, डोल्यापुढं काजवं आलं, का थांबायचा नाय."

"हे तर मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

"आज बघितला ना डोल्यांनी." आवडाबाईनं पदरातून हात काढून आसावरीच्या मांडीवर ठेवला. गार, खडबडीत हात. आसावरीनं तो राहू दिला. तिला एकदम जाणवलं की सकाळपासून आपल्या छातीत जे आवळून बसलं होतं त्यात भीतीइतकीच एक जुनी मिजासही होती. शब्द आपले आहेत, ते आपण दिले तसेच, तेवढेच राहिले पाहिजेत, अशी. शब्द राहत नव्हते. ते पाटीवर बसत होते, बोली बदलत होते, शेजारच्या घरात जात होते. ते थांबवता येणार नव्हते, आणि थांबवायचे तरी कशाला? ते चुकत गेल्यामुळेच तर ती इथवर पोचली होती. हे पुरतं पटायच्या आतच आतलं दार उघडलं, दिपेश बाहेर आला आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. आसावरी उभी राहिली. मागून आलेली सिस्टर, विशीबाविशीची, मास्क हनुवटीवर ओढत म्हणाली, "मुलगी झाली. सिझर करावं लागलं. लहान आहे, काचेत ठेवलीय, पण रडली छान. आईचं प्रेशर खाली येतंय." आवडाबाईनं मोठ्यांदा देवीचं नाव घेतलं. आसावरी परत बाकावर बसली आणि तिला इतकी भूक लागली की आजूबाजूचे सगळे वास, फिनेलसकट, तिला जेवणाचे वाटायला लागले. कँटीनमध्ये तिनं दोन वडापाव उभ्यानंच खाल्ले. बाहेर कल्याणचं ऊन कलत होतं, रिक्षावाले विठ्ठलवाडी, विठ्ठलवाडी म्हणून ओरडत होते, आणि तिला ते ओरडणंसुद्धा गोड लागत होतं.

पुढच्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावर ती ठाण्याहून सरळ कल्याणला भाविकाला भेटायला गेली. चेहऱ्यावरची सूज उतरल्यावर ती अगदीच कोवळी दिसत होती. अंगठी बोटात परत आली होती. मुलीचं वजन वाढत होतं. दोन दिवसांत काचेतून बाहेर काढणार होते. आसावरीनं तिला घरी गेल्यावरचं सांगितलं. रक्तदाब अजून काही आठवडे बघत राहायचा, डोकं दुखलं तर लगेच यायचं, पुढच्या वेळी दिवस राहिले की डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगायचं. भाविकानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगितलं, एक चूक केली, ती स्वतःच सुधारली. मग दाराकडे बघून, हळू आवाजात तिनं विचारलं, "पण मॅडम, मलाच का झालं? आई म्हणते, मोबाइल बघत बसायचीस म्हणून. दिपेशला वाटतं आमचं भांडण झालेलं म्हणून. मी मीठ पण कमी खाल्लेलं. माझं काय चुकलं?"

आसावरीनं तोंड उघडलं. बाळाला पोसणारी वार, तिच्या रक्तवाहिन्या, सगळं क्रमानं जिभेवर आलं. तिनं भाविकाकडे पाहिलं आणि ते परत आत ठेवलं.

"खरं सांगू? पक्कं कुणालाच माहीत नाही."

"डॉक्टरांना पण?"

"डॉक्टरांना पण. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट तयार होत नाहीत, एवढं कळलंय. का होत नाहीत, ते अजून शोधतायत. पण तुझं काही चुकलं नाही. मोबाइलनं होत नाही, भांडणानं होत नाही. हे मात्र पक्कं."

भाविकाचे खांदे, जे इतके दिवस कानांपाशी चढून बसले होते, ते हळूहळू खाली आले, आणि ती हसली. हसता हसता टाके दुखले म्हणून तिनं पोट धरलं, तरी हसतच राहिली. "मॅडम, हे आईला सांगा ना तुम्ही. ती येईलच आता."

"तू सांग," आसावरी म्हणाली. "मी बसते इथं."

भाविकाची आई डबा घेऊन आत आली, आणि मुलगी हसताना बघून दारातच थबकली. आसावरीनं स्टूल भिंतीकडे सरकवलं, पाठ टेकली, दिवसभराचे ठणकणारे पाय लांब केले. "आई, बस इथं," भाविका म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचंय," आणि उशीला रेलून, सावकाश, ती सांगायला लागली.